शर्टाचा पिवळा डाग आणि घामाचा वास: एकाला आंबट लागतं, दुसऱ्याला सोडा

आमच्या धुण्याच्या टोपलीत रोज दोन कपडे एकमेकांवर पडलेले असतात. नवऱ्याचा ऑफिसचा पांढरा कॉटनचा शर्ट आणि लेकाची फुटबॉलची जर्सी, गडद निळी, पॉलिस्टरची. शर्टाला काखेत पिवळट डाग पडलेत, हात लावला तर तिथलं कापड खळ घातल्यासारखं कडक लागतं, पण धुतल्यावर वास काही येत नाही. जर्सीचं बरोबर उलटं. दिसायला एकदम स्वच्छ, दोरीवरून काढली की साबणाचाच वास, आणि लेक मैदानावर दहा मिनिटं पळाला की असा काही वास सुटतो की गाडीत काचा खाली कराव्या लागतात.

मी कितीतरी वर्षं या दोन्हीला "घामाचा त्रास" असं एकच नाव देऊन एकच उपाय करत होते. आणि तो उपाय म्हणजे मोबाईलवर सगळीकडे फिरतो तोच, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, फेस आला की चोळा, डाग गायब. फेस छान यायचा. डाग तिथेच आणि वास पण तिथेच. मग नीट वाचायला लागले, करून बघायला लागले, तेव्हा कळलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची औषधं तर चक्क एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

आधी डागाचं बघू. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात मीठ, थोडा युरिया, थोडी प्रथिनं. नुसता घाम वाळला तर पांढरट खाराची रेघ राहते आणि ती पाण्याने जाते. तो पिवळा कडक डाग घाम एकटा करत नाही, त्यात काखेत लावायचं रोल-ऑन किंवा स्टिक मिसळलेलं असतं. इथे अजून एक घोळ आहे, आपण सगळ्यालाच "डिओ" म्हणतो पण डिओ आणि अँटीपर्स्पिरंट वेगळं. डिओ फक्त वासावर काम करतो, सुगंध असतो आणि जंतू कमी करणारं काहीतरी असतं. अँटीपर्स्पिरंट घामच अडवतं, त्यातलं ॲल्युमिनियमचं क्षार घामात विरघळतं आणि घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच तयार करतं. बाटलीमागे बारीक अक्षरात ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट असं काही लिहिलं असेल तर ते अँटीपर्स्पिरंट, मग पुढच्या बाजूला काहीही नाव असो.

तेच ॲल्युमिनियम कापडावर उतरतं, अंगाचं तेल आणि घामातली प्रथिनं त्याच्याबरोबर अडकतात, रोल-ऑनमधला मेणासारखा भाग वर बसतो आणि दर धुण्याला एक थर राहून जातो. ॲल्युमिनियम कापडाला किती घट्ट धरतं याचा अंदाज घ्यायचा तर तुरटी आठवा. तुरटी ॲल्युमिनियमचाच क्षार, आणि कापड रंगवणारे लोक शेकडो वर्षं रंग पक्का बसावा म्हणून आधी कापड तुरटीच्या पाण्यातून काढत आलेत. म्हणून जे लोक डिओ नको म्हणून काखेत तुरटी फिरवतात त्यांनी पण शर्ट घालायच्या आधी ती जागा पूर्ण वाळू द्या.

आता असं पण होतं की माणूस काखेत काहीच लावत नाही आणि तरी शर्ट पिवळा पडतो. तो डाग वेगळा. कॉलरच्या आतली पिवळी पट्टी बघा, मानेला कोणी रोल-ऑन लावत नाही तरी ती पडतेच, ते अंगाचं तेल कापडात मुरून हवेने पिवळं पडलेलं असतं. दोघांतला फरक ओळखायला मी बोट फिरवून बघते. कापड कडक, जरा मेणचट लागलं तर ॲल्युमिनियमवाला, आणि पिवळं आहे पण मऊच आहे तर तेलाचा. हे आधी बघून घ्या कारण तेलाच्या डागाला आंबट लावून काही होत नाही, त्याला साबण आणि ऑक्सिजन ब्लीच (ते काय ते पुढे सांगते).

ॲल्युमिनियमवाल्याला मात्र आंबटच लागतं. आंबटात ते क्षार सैल होऊन सुटायला लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ते दोन मोठे चमचे एक लिटर कोमट पाण्यात. नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं. शर्ट उलटा करा, आधी त्या जागेवर भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलकं घासा म्हणजे मेणाचा थर निघेल, मग खळखळून धुवा, मग काखेचा भाग आंबट पाण्यात तासभर बुडवून ठेवा. रंगीत शर्ट असेल तर आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून रंग जात नाही ना बघून घ्या. तासाभराने कापड मऊ लागायला लागतं, पिवळेपणा अजून असतो पण तो कडकपणा जातो, तो गेला म्हणजे अर्धं काम झालं. पुन्हा साध्या पाण्याने भरपूर खळखळून घ्या, ही पायरी गाळू नका.

उरलेल्या पिवळ्यासाठी ऑक्सिजन ब्लीच. इथे माझा एक चांगला शर्ट कायमचा गेलाय म्हणून जरा थांबून सांगते. पांढरा कपडा आहे तर ब्लीच चालेल म्हणून मी साधं क्लोरीनवालं ब्लीच ओतलं होतं, आणि डाग जायच्या ऐवजी अजून गडद पिवळा झाला. क्लोरीन ब्लीच घामातल्या प्रथिनांशी लागून स्वतःच पिवळी संयुगं तयार करतं, त्यामुळे घामाच्या डागाला ते चुकीचंच. आणि ते व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वात कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तर फार धोक्याचं. ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पांढरी दाणेदार पावडर, व्हॅनिशच्या पावडरीत पण हेच असतं. पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असं दोन्ही निघतं. अंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा कढत, ४५-५० डिग्रीच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा, आणि चार-पाच तास किंवा रात्रभर. गार पाण्यात ते जवळजवळ झोपलेलंच असतं. भिजवलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते, दरवेळी ताजं करा.

आता जर्सी. इथे डाग नाही म्हणजे कपडा स्वच्छ आहे असं डोळे सांगतात आणि तिथेच फसायला होतं. काखेतला ताजा घाम खरं तर बिनवासाचा असतो. काखेतल्या खास ग्रंथी वयात येताना सुरू होतात (म्हणूनच लहान पोरं दिवसभर उन्हात खेळून आली तरी त्यांच्या घामाला तो वास नसतो, आणि तेराव्या वर्षी अचानक सुरू होतो, त्यात पोराचा आळस काढू नका) आणि त्यांचा स्राव त्वचेवरचे जंतू खातात, त्यातून आंबूस वासाची फॅटी ॲसिडं आणि कांद्यासारख्या वासाची गंधकयुक्त संयुगं तयार होतात. म्हणजे वास ही तेलात रमणारी गोष्ट आहे. आणि पॉलिस्टर पण तेलात रमणारंच. कॉटन हवेतलाच ७-८ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्याला पाणी आवडत नाही, तेल आवडतं, त्यामुळे घामातलं पाणी उडून जातं आणि अंगाचं तेल, वास, जंतूंचं खाणं सगळं धाग्याला चिकटून राहतं. मशीनमध्ये गार पाण्यात नुसतं फिरवून ते निघत नाही, आणि पुन्हा अंगाची उब आणि ओल लागली की वर येतं. दहा मिनिटांतला वास तो हा.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हे छापलं होतं. २६ जणांना तासभर जिममधली जागेवरची सायकल (स्पिनिंग) मारायला लावली, त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि मग वास घेऊन बघितला. पॉलिस्टरचे टी-शर्ट कॉटनपेक्षा जास्त वास मारत होते आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस नावाचे जंतू जोरात वाढलेले सापडले. म्हणजे आपलं अंग तेच, घाम तोच, कापड बदललं की वास बदलतो.

मग याला काय. जे मुळात आंबूस ॲसिड आहे त्यावर अजून आंबट ओतून काय होणार, म्हणून इथे व्हिनेगर माझ्या मते चुकीच्या जागी वापरलं जातं. इथे सोडा पाहिजे. सोड्याने ती फॅटी ॲसिडं साबणासारख्या क्षारात बदलतात, त्यांचा वास मरतो आणि ती पाण्याबरोबर वाहून जातात. पण खायचा सोडा नको, धुण्याचा सोडा. पीएच म्हणजे आंबट की त्याच्या उलट हे मोजायचं माप, सात मधलं आणि आकडा जितका वर तितकं आंबटाच्या उलट. खायच्या सोड्याचा पीएच आठच्या जरा वर, धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास, तेल सोडवायला तोच लागतो. पूर्वी धोबी कपडे भट्टीला लावायचे ते सोड्याच्या पाण्यात भिजवून वाफेवर, आणि आपल्या आज्या चादरी सोड्यात उकळायच्या, त्यामागे हेच होतं. पॉलिस्टर मात्र उकळायचं नाही, ताणलं जाणारं कापड असेल तर अजिबात नाही. मी जर्सी उलटी करते, अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि एन्झाइमवाली धुण्याची पावडर, पाणी ४० डिग्रीच्या आसपास, तासभर. एन्झाइम कोमट पाण्यात तेल आणि प्रथिनं तोडतात, फार कढत पाण्यात तेच मोडतात. जुना मुरलेला वास असेल तर याच्यानंतर परकार्बोनेटमध्ये दोन तास. हातात रबरी मोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो.

आणि जर्सी बॅगेत कोंबून ठेवू नका हो. लेकाला मी आता सांगितलंय की घरी आल्या आल्या बॅगेतून काढून निदान दोरीवर टाक, धुणं नंतर बघू. ओली, उबदार, बंद बॅग म्हणजे जंतूंचं पाळणाघर. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर पण खेळाच्या कपड्यांना बंद केलं, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि खालचं तेल अजून आत राहतं.

आता तो फेसवाला उपाय का फसतो ते लक्षात आलं असेल. व्हिनेगर आंबट, सोडा त्याच्या उलट, दोघं भेटले की फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात डागाला लागणारं आंबट पण नाही आणि वासाला लागणारा सोडा पण नाही. एकाच कपड्याला दोन्ही त्रास असतील, म्हणजे जिमला रोल-ऑन लावून जाणाऱ्याचा टी-शर्ट, तर आधी आंबट, मग भरपूर पाणी, मग सोडा. वेगवेगळं.

नीळ घातल्याने पिवळं गेल्यासारखं दिसतं, पण ती निळी झाक डोळ्याला पिवळं दिसू देत नाही एवढंच, डाग खाली आहेच. डाग असताना इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो अजून बसतो. काळ्या टी-शर्टवर सकाळी सकाळी रोल-ऑनचे किंवा स्टिकचे जे पांढरे फराटे उठतात ते तर डाग पण नाहीत, कोरडा नायलॉनचा मोजा घासला की जातात. आणि पावसाळ्यात घरात वाळत घातलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो तो घामाचा नाही, कपडा तासन् तास ओला राहिल्यामुळे वाढलेल्या जंतूंचा आहे, त्याला पंख्याखाली लवकर वाळवणं हाच उपाय.

नवऱ्याच्या त्या शर्टाला तीन वेळा हे सगळं करावं लागलं, पहिल्या वेळी फार फरक दिसला नव्हता. आता तो रात्री झोपताना रोल-ऑन लावतो, तेव्हा घाम कमी असतो म्हणून ते नीट बसतं आणि सकाळपर्यंत वाळलेलं असतं, नवीन शर्टांच्या काखा अजून पांढऱ्या आहेत.

रेशमी ब्लाउजला मात्र यातलं काहीच करू नका. रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे एन्झाइमची पावडर, धुण्याचा सोडा, परकार्बोनेट तिघंही त्याचाच धागा खातात, आणि जरीचं वेगळंच. पैठणीवरचं ब्लाउज शिवताना कॉटनचं अस्तर लावून घ्या, काखेत चिकटवायचे स्वेट पॅड मिळतात ते लावा, लग्नाहून आल्यावर कपाटात न ठेवता उलटं करून रात्रभर सावलीत हवेवर ठेवा, आणि ड्रायक्लीनिंगला देताना डाग कुठे आहे आणि तो घामाचा आहे हे बोट ठेवून सांगा.