फूल कुठल्या दिवशी उमलतं?

परभणीला माझ्या धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावला ती तारीख आणि मधेच, कुणाच्या नजरेत येऊ नये असा, निळ्या पेनचा बारीक ठिपका. तो पाळीचा. आता तो ठिपका मोबाइलमधल्या पाळीच्या अ‍ॅपमध्ये गेलाय. ठरलेल्या दिवशी तिथं गुलाबी फूल उमलतं आणि आज अंडं फुटणार, म्हणजे बीजकोशातून बाहेर पडणार, म्हणून कळवतं. लग्नाला तीन वर्षं झालीत, घरातले सगळे वाट बघतायत. परवा ती हळूच म्हणाली, "ताई, मोबाइल म्हणतोय आज. मला तर काहीच कळंना गेलंय."

मोबाइलला तरी कुठून कळणार? त्याच्याजवळ तारखा आहेत, बाकी सगळी वजाबाकी. ही वजाबाकी जुनीच आहे. १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाऊस या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की अंडं फुटण्याचा दिवस *पुढच्या* पाळीपासून मागे मोजायचा, साधारण दोन आठवडे. मेख इथंच आहे. पुढची पाळी अजून आलेली नसते, म्हणून अ‍ॅप ती अंदाजानं धरतं.

शिवाय चक्राचे दोन भाग सारखे नसतात. अंडं फुटल्यानंतरचा भाग त्यातल्या त्यात ठरलेला, आधीचा मात्र रबरासारखा ताणतो. आजारपण, जागरण, ताण, पीसीओडी (बीजकोशांचा विकार), काहीही निमित्त पुरतं. २०१९ साली एका अ‍ॅपमधल्या सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी चक्र २९.३ दिवसांचं निघालं, आणि बरोब्बर २८ दिवसांची चक्रं होती जेमतेम १३ टक्के. चौदावा दिवस एवढा पाठ कुणी करून घेतला कोण जाणे!

जावेचा मोबाइल घेऊन बघितला. तिची पाळी ३५ दिवसांनी येते, पण ती दर वेळी तारीख टाकत नाही आणि सेटिंगमध्ये २८ तसेच राहिलेले. फुटलेलं अंडं १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणजे दिवस राहण्याजोगे दिवस सहाच. पाळी सुरू झाल्यापासून मोजले तर तिचं फूल दिवस ९ ते १४ दाखवत होतं, हिशेबानं यायला हवेत १६ ते २१. एकही दिवस जुळत नव्हता.

शरीराच्या खुणा जास्त भरवशाच्या. अंडं फुटायच्या आधी अंगावरून जाणारं पांढरं कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट आणि ताणलं जाणारं होतं. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी अंडं फुटायला लावणारं एलएच हार्मोन वाढल्याचं दिवसभर आधी सांगते, मात्र पीसीओडीत ती फसवू शकते. थर्मामीटरचं काम एसटीच्या चौकशी खिडकीसारखं, गाडी गेल्यावर सांगणार. अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं ते अंडं फुटून गेल्यावर. तेही पहाटे, सलग झोपेनंतर, अंथरुणातून उठण्याआधी मोजायचं. मे महिन्यात लाइट गेली म्हणून रात्रीतून दोनदा गच्चीवर गेलेल्या बाईनं, किंवा कोयता घेऊन अंधारातच फडावर जाणाऱ्या बीडच्या बाईनं हे कसं जमवायचं?

दिवस राहू नयेत म्हणून कुणी नुसत्या तारखांच्या फुलावर विसंबत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. अमेरिकेत २०१८ साली गर्भनिरोधनासाठी पहिल्या अ‍ॅपला परवानगी मिळाली, पण ते रोजचं तापमान मागतं. तरीही नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सात जणींना दिवस राहतात. आशाताईंकडची गोळी आणि निरोध कुठं गेले नाहीत.

सेटिंगमध्ये ३५ टाकले. फूल सरळ आठवडाभर पुढं सरकलं. जाऊ हसली, मग गप्प झाली. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करावी, असं डॉक्टर सांगतात. पुरुषाची पहिली तपासणी तर दोघांतली सोपी. दोन ते सात दिवस खंड ठेवून वीर्याचा नमुना लॅबमध्ये द्यायचा. मी विचारलं, "भाऊजींची झाली का?"

"त्यांची कशाला, ताई?" ती म्हणाली, आणि मोबाइल पालथा ठेवला.