बुरशी झटकली, विष तसंच

परतीच्या पावसात भिजलेला मका बाजारात आला की पोल्ट्रीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला सल्ला फिरतो: दोन दिवस ऊन द्या, बुरशी झटका आणि बिनधास्त दळा. बुरशी जाते हो, पण तिने दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष? ते असं वाळवून पुरतं जात नाही, आणि पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या करताना खाद्य 80 अंशांपर्यंत तापतं त्यालाही दाद देत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कळेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' म्हणाले, शेवटी दोषी निघाली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड आणि तिच्यातली ॲस्परजिलस फ्लेवस बुरशी.

अफ्लाटॉक्सिन लिव्हर खराब करतं, त्यामुळे तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष लिव्हरवर, म्हणून दुकानात लिव्हर टॉनिकच्या बाटल्या. पण खाद्यातल्या विषाशी पहिली गाठ पडते आतड्याची. तिथल्या पेशी सतत झडतात आणि काही दिवसांत नव्या येतात, आणि फ्युझेरियम बुरशीची टी-2 आणि डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) ही विषं नेमकी पेशीतल्या रायबोसोमवर बसून प्रोटीन बनणंच अडवतात. मग आतड्याचे उंचवटे आखूड, पेशींमधले जोड सैल, विष्ठेत मक्याचे न पचलेले कण, शेडमधलं लिटर (खाली पसरलेला भुसा) ओलं आणि एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, बोंबललेला. टी-2 जास्त असेल तर चोच उघडून बघा, कडेला पिवळट खपल्या दिसतात.

यात भर म्हणजे या विषांमुळे वाढणारे फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू, जे पेशीच्या पडद्यातली चरबी एकामागून एक खराब करत जातात. व्हिटॅमिन ई त्या पडद्यातच बसून ही साखळी तोडतं, सेलेनियम ग्लुटाथायोन परॉक्सिडेज या एन्झाइममध्ये लागतं, हे सरळ आहे. मला खरी मजा वाटते ती हळदीतल्या करक्युमिनची. पेशीत एनआरएफ-2 नावाचं प्रोटीन असतं, ते न्यूक्लियसमध्ये पोचलं की बचावाची जीन्स चालू होतात, ग्लुटाथायोन वाढतं, ते विषाला चिकटवणारी एन्झाइम्स वाढतात. पण एरवी कीप-1 हे दुसरं प्रोटीन त्याला धरून ठेवतं आणि पेशी त्याची सतत विल्हेवाट लावत राहते. कीप-1 वर सिस्टीनचे गंधकवाले बिंदू आहेत, तिथे काही रिॲक्टिव्ह येऊन चिकटलं की त्याची पकड ढिली, नाक दाबलं की तोंड उघडतं तसं. करक्युमिन तिथेच जाऊन चिकटू शकतं! म्हणजे ज्याला आपण अँटिऑक्सिडंट (फ्री रॅडिकल्स शमवणारं) म्हणतो ते इथे पेशीला थोडं डिवचून तिच्याकडूनच काम करून घेतं. अफ्लाटॉक्सिन दिलेल्या ब्रॉयलर पिल्लांवर हळदीचे प्रयोग झालेत आणि नुकसान कमी झालेलं दिसलंय. कमी, शून्य नाही.

म्हणून 'सर्व टॉक्सिनवर एकच उपाय' छापलेल्या पाकिटावर माझा काडीचा विश्वास नाही. बेंटोनाइट मातीचा बाइंडर (खाद्यातलं विष धरून ठेवणारा पदार्थ) अफ्लाटॉक्सिन छान धरतो पण डॉनला जवळपास हातही लावत नाही, आणि अँटिऑक्सिडंट तर विष धरतच नाही, नुकसान आवरतं फक्त. शेडला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी खुशाल टांगावी, पण मक्याचा ओलावा 14 टक्क्यांच्या खाली आहे का ते आधी मोजा आणि नमुना एका पोत्यातून न घेता बऱ्याच पोत्यांतून घ्या, कारण विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. आणि सेलेनियम 'थोडं जास्तच टाकू' म्हणून टाकू नका, अमेरिकेत खाद्यात वरून घालायची मर्यादा 0.3 पीपीएम (दहा लाख भागांत 0.3 भाग) आहे, जास्त झालं तर तेच विषारी ठरतं.