जुन्या वास्तूंचा पुनर्वापर (मुंबई)

मूळ उपयोग संपलेली इमारत न पाडता नव्या, शक्यतो सार्वजनिक, कामासाठी वापरात आणण्याची वास्तुविद्येतील पद्धती.

मुंबईत तिचा आरंभ १९९५ च्या वारसा नियमावलीपासून धरण्याचा प्रघात आहे. तो फार उशिराचा वाटतो. परळचे जुने गव्हर्न्मेंट हाउस मूळचे पोर्तुगीजकालीन मठ व प्रार्थनामंदिर. हा मठ काही लेखक फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा मानतात, तर काही जेझुइट संघाचा. जुन्या प्रवासवर्णनांचा कल पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. इंग्रजांनी तो बहुधा १७१९-२० च्या सुमारास जप्त केला. पुढे तेथे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि प्रार्थनामंदिराच्या जागेत भोजनगृह व नृत्यशाला आली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा याच वास्तूत हलली. तीच आजची हाफकिन संस्था.

सर कावसजी जहांगीर सभागृह (१९११, वास्तुविशारद जॉर्ज विटेट) जाहीर सभांसाठी प्रसिद्ध होते. रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार आतली रचना बदलून १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. दगडी कवच टिकले. सभागृह मात्र गेले.

बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या गिरणगावात प्रश्न जमिनीचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरणीची जमीन महापालिका, म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) व मालक यांत साधारण तीन वाट्यांत विभागायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या, म्हणजे इमारती नसलेल्या, जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. त्यामुळे सार्वजनिक वाटा आटला. फिनिक्स, कमला अशा गिरण्यांच्या आवारांत दुकाने, कार्यालये व उपाहारगृहे आली. याला पुनर्वापर म्हणावे, पण सर्वांसाठीची जागा म्हणणे कठीण.

चाळींतील खोल्यांत बालवाडी, वाचनालय किंवा मंडळाचे कार्यालय चालवण्याची प्रथा जुनी आहे.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ अन्वये जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करणे बंधनकारक आहे. पावसाळ्यासाठी उंच ठेवलेले जोते आणि अरुंद लाकडी जिने ही येथील मुख्य अडचण. दर्शनी भागाला धक्का नको म्हणून उतार अनेकदा मागच्या दाराशी काढतात. नियम त्याने पाळला जातो. पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला मुख्य दार बंदच राहते.