खारे पाणी, गोडे पाणी आणि प्रोस्टेट

आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेर पावसाळ्याच्या तोंडावर एक मोठा फलक लागला : ‘प्रोस्टेटवर लेझर उपचार. टाका नाही, छेद नाही.’ त्या फलकाखाली उभे राहून माझ्या ७१ वर्षांच्या मामांनी आपला निर्णय जाहीर केला, ‘‘माका लेझरच करूचा आसा.’’ लेझरने नेमके काय करतात, असे विचारल्यावर ते ठामपणे म्हणाले, ‘‘भायरसून किरण मारतत, गाठ जळान जाता.’’

मामांसारखी समजूत असलेली माणसे मला वाडीवाडीत भेटली आहेत. फलकावरचा मजकूर खोटा नसतो, पण तो वाचून मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे असते. ‘टाका नाही’ ही मुळात लेझरची देणगीच नव्हे. अमेरिकेतील मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये रिसेक्टोस्कोप हे उपकरण पुढे आणले, आणि पोटावर छेद न घेता मूत्रमार्गातून आत शिरून प्रोस्टेट कापण्याची वाट त्याने मोकळी केली. आजही ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणून लोक ओळखतात ते हेच. लेझरने फरक पडला तो निराळ्याच ठिकाणी, आणि तो समजून घ्यायचा तर किरणांपेक्षा शस्त्रक्रिया चालू असताना आत सतत वाहणाऱ्या पाण्याकडे पाहावे लागते. खारे पाणी कोणते आणि गोडे कोणते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. या शस्त्रक्रियेचा बराचसा इतिहास त्या दोन पाण्यांमधलाच आहे.

आधी ग्रंथीची थोडी ओळख. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली प्रोस्टेट तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते आणि मण्यातून दोरा जावा तसा मूत्रमार्ग तिच्यातून जातो. वयाबरोबर या मार्गाला लगटून असलेला तिचा आतला भाग वाढू लागतो आणि वाट अरुंद होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. वाढलेली प्रोस्टेट डोळ्यांपुढे आणायची असेल तर रातांबा आठवावा. आतला गर फुगत गेला आहे आणि बाहेरची साल ताणली गेली आहे. रातांबा फोडून आपण गर आणि बिया काढतो व साल ठेवतो, नेमके तेच शस्त्रवैद्याला करायचे असते : गर काढायचा, साल जागेवर ठेवायची.

दुर्बिणीच्या जुन्या पद्धतीत हा गर तारेच्या एका बारीक कड्याने, चकती चकती करून खरवडला जातो. कड्यातून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात. घरातल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, इथे ती काही लाख असतात, त्यामुळे स्नायूंना झटका बसत नाही. प्रवाह कड्यातून शरीरात शिरतो आणि मांडीला चिकटवलेल्या रुंद पट्टीतून बाहेर पडतो. कडे बारीक असल्याने तिथे तो एकवटतो, पेशींतले पाणी क्षणात उकळते आणि मांस कापले जाते. पट्टी रुंद असल्याने तिथे त्वचा जेमतेम कोमट होते. हे सगळे घडते ते पाण्याखाली, कारण रक्त धुऊन नेणारा पाण्याचा झोत नसेल तर दुर्बिणीतून लाल धुक्याखेरीज काहीही दिसणार नाही.

मग हे पाणी कोणते असावे? शरीराला मानवेल असे पाणी म्हणजे सलाइन, ०.९ टक्के मिठाचे द्रावण. परंतु मिठाच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन मोकळे फिरत असतात आणि ते वीज वाहून नेतात. कड्याभोवती खारे पाणी असले की प्रवाह मांसात एकवटण्याऐवजी पाण्यातच चहूकडे पसरतो आणि कडे काही केल्या कापत नाही. म्हणून सुरुवातीला शुद्ध, म्हणजे अगदी गोडे पाणी वापरले गेले. त्यातून वीज वाहत नाही आणि दिसतेही स्वच्छ. पण ग्रंथी खरवडताना तिच्यातील शिरांची तोंडे उघडी पडतात व त्यांतून हे पाणी थेट रक्तात शिरते. मिठाचा अंश नसलेले पाणी तांबड्या पेशींभोवती वाढले की ते परासरणाने पेशींत घुसते, पेशी फुगून फुटतात आणि बाहेर पडलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांवर जाऊन आदळते. १९४० च्या दशकात ही गोष्ट ध्यानात आल्यावर पाण्यात असे काही विरघळवण्याचा विचार झाला, की जे पेशी फुटू देणार नाही पण विजेला वाटही देणार नाही. त्यातून निवड झाली ती ग्लायसीन या अमिनो आम्लाची. गंमत अशी, की ग्लायसीन चवीला गोड असते आणि त्याचे नावही ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आपले गोडे पाणी इथे अक्षरशः गोड झाले.

पेशी फुटणे थांबले, पण रक्तातील सोडियम पातळ होणे थांबले नाही. उघड्या शिरांतून मिनिटाला १० ते ३० मिलिलिटर द्रव आत जाऊ शकतो. तासाभरात हा हिशेब लिटरवर जातो. रक्तातील सोडियमचे प्रमाण एरवी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते, ते १२५ च्या खाली घसरले की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या सुजू लागतात. कमरेखालची भूल दिलेला रुग्ण शुद्धीवर असतो आणि पहिली सूचना त्याच्याकडूनच मिळते : तो उगाच जांभया देऊ लागतो, अस्वस्थ होतो, मळमळते म्हणतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. काही रुग्णांना तर अचानक दिसेनासे होते. ग्लायसीन हा डोळ्याच्या पडद्यातील चेतापेशींमध्ये संदेश दाबून धरणारा रेणू आहे. त्याचा पूर आला की डोळा शाबूत असूनही अंधार पसरतो आणि काही तासांनी आपोआप ओसरतो. या साऱ्या प्रकाराला ‘टीयूआर सिंड्रोम’ म्हणतात. त्याच्या भीतीने शस्त्रवैद्य घड्याळ लावून काम करीत आणि तासाभरात आटोपते घेत. पाण्याच्या पिशव्याही फार उंच टांगत नसत, कारण उंची वाढली की दाब वाढतो आणि दाब वाढला की शोषण वाढते. मिनिटाला ग्रॅमभर मांस कापणारा हात वेगवान समजला जातो. साहजिकच १०० ग्रॅमची ग्रंथी या घड्याळात बसत नसे व अशा रुग्णाचे पोट उघडावे लागे.

यावरचा पहिला तोडगा विजेच्याच घरातून आला. प्रवाहाची दोन्ही टोके उपकरणाच्या तोंडाशीच ठेवली तर प्रवाहाला मांडीपर्यंत जावे लागत नाही. त्याने दोन टोकांमधल्या खाऱ्या पाण्यातून जाणेच आता अपेक्षित असते. याला बायपोलर पद्धत म्हणतात. कड्याभोवती वाफेचा पातळ थर तयार होतो, त्यात प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला तप्त वायू, पेटतो आणि तो पिवळसर नारिंगी चमकतो. चुलीत मिठाचा खडा पडल्यावर ज्योत जशी पिवळी होते तसाच हा रंग आहे आणि कारणही तेच, सोडियम. जे मीठ इतकी वर्षे अडचण होते तेच इथे कामाला लागले. सलाइनही रक्तात शिरते, हृदय कमकुवत असेल तर त्याचा भार पडतोच, पण सोडियम पातळ होत नाही.

दुसरा तोडगा म्हणजे मामांचे लेझर. प्रकाशाला विजेसारखी परतीची वाट लागत नाही, त्यामुळे पाणी खारे असले तरी त्याचे काही अडत नाही. होल्मियम लेझरची तरंगलांबी सुमारे २.१ मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी अवरक्त. पाणी हा प्रकाश इतक्या अधाशीपणे शोषते, की मांसात तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आत संपतो. बाहेरून किरण मारून हे होणारच नाही. दुर्बिणीतून नेलेल्या काचतंतूचे टोक मांसाला भिडवावे लागते. प्रत्येक स्पंदासरशी टोकाशी वाफेचा एक बुडबुडा फुगतो आणि विरतो, आणि गर व साल यांच्यामधल्या सैल फटीत तो फुगला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथे मिटतात. म्हणजे गाठ जाळत नाहीत, सोलून काढतात. सुटलेला गर मूत्राशयात ढकलून, तिथे त्याचे तुकडे करून बाहेर ओढतात. न्यूझीलंडचे पीटर गिलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत घडवली, आणि १०० ग्रॅमच्या वरच्या ग्रंथीही छेदावाचून निघू लागल्या.

यात नवे काय आहे आणि जुने काय? पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यवैद्य हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी करून लंडनला परतले आणि १९०० मध्ये त्यांनी मूत्राशय उघडून, त्याच फटीत बोट घालून प्रोस्टेटचा गर अख्खा सोलून काढला. फट तीच आहे, बोटाच्या जागी बुडबुडा आला आहे. फ्रेयर यांचा दावा होता, की आपण संपूर्ण ग्रंथी काढतो. प्रत्यक्षात साल आतच राहत होती.

आता परिणामांकडे. सोलण्याच्या पद्धतीत रक्तस्राव कमी होतो, लघवीसाठी घातलेली नळी लवकर निघते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ क्वचित येते, हे तुलनात्मक चाचण्यांतून दिसले आहे. पण ‘लेझर’ या एका शब्दाखाली अनेक पद्धती विकल्या जातात. ब्रिटनमध्ये ७ रुग्णालयांतील ४१० पुरुषांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थुलियम लेझरने खरवडण्याची पद्धत जुन्या तारेच्या कड्याशी ताडून पाहिली गेली : वर्षभरानंतर त्रासाचे गुण सारखेच होते, लघवीची धार मात्र कड्याच्या गटात सरस निघाली. शिवाय सोलण्याचे तंत्र हाताला बसायला पन्नासेक शस्त्रक्रिया लागतात असे मानले जाते. त्यामुळे यंत्र कोणते आहे, यापेक्षा डॉक्टरांनी ते किती वेळा वापरले आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

कोणत्याही पद्धतीनंतर बहुतेक पुरुषांचे वीर्य पुढे येण्याऐवजी मूत्राशयात जाते. ताठरता सहसा टिकते. हे आधी सांगितले जात नाही आणि मग ‘ऑपरेशनने पुरुषत्व गेले’ ही अफवा गावभर फिरते. काहींना खोकताना थेंबभर लघवी सुटते, सोलण्यानंतर थोडी अधिकच, पण ती बहुधा काही महिन्यांत थांबते. वर्षानुवर्षे अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाचा स्नायूच थकला असेल, तर मात्र वाट मोकळी करूनही धार येत नाही. काढे आणि पुड्या घेत दहा वर्षे काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परदेशात ज्या वनस्पतीची प्रोस्टेटसाठी सर्वाधिक जाहिरात होते ती सॉ पामेटो आपल्या माड-पोफळीच्याच कुळातली. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर झालेल्या चाचणीत ती बनावट गोळीपेक्षा तसूभरही सरस ठरली नाही.

मामांची ग्रंथी ६० ग्रॅमच्या आसपास निघाली आणि त्यांच्या डॉक्टरांनी बायपोलर कड्याने काम केले. मामा थोडे हिरमुसले. नळी जोडलेली असताना मामींना पिशवीवर लक्ष ठेवायला बसवले होते, आणि सिस्टरने त्यांना रंगाची खूण सांगितली होती : कोकम सरबतासारखे दिसले तर घाबरू नका, आगळासारखे दाट झाले तर लगेच हाक मारा. मामींनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. घरी आल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी आतली खपली सुटताना पुन्हा थोडे लाल जाऊ शकते. त्या सुमारास घाटातून एसटीचा प्रवास, नारळाची पोती उचलणे आणि शौचाला कुंथणे टाळायला सांगतात, ते यासाठीच.

तीन महिन्यांनी मामांनी वाडीत सांगून टाकले, की प्रोस्टेट काढून टाकली, आता तिथे कर्करोग होणेच शक्य नाही. मला पुन्हा रातांबा घेऊन बसावे लागले. गर गेला, साल आहे, आणि कर्करोग बहुधा सालीकडच्या भागातच सुरू होतो. गर गेल्यामुळे रक्तातील पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या आणि कर्करोगाच्या शंकेसाठी तपासल्या जाणाऱ्या प्रथिनाचा, आकडा खाली येतो. तो मामांचा ०.८ आला. डॉक्टरांनी फाइलवर त्याला लाल वर्तुळ करून शेजारी लिहिले आहे, ‘यापुढे तुलना या आकड्याशी’, आणि खाली पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख आहे.