अमेरिकी सैन्यात असताना ईएमटी प्रमाणपत्र कसं मिळवायचं: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या किंवा नुकतंच बाहेर पडलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ) म्हणून काम करायचं असेल, तर त्याला बहुतेक राज्यांत दोन वेगळे कागद लागतात. हे दोन्ही एकच आहेत असं धरून चालल्यामुळेच बराचसा गोंधळ होतो. पहिला कागद राष्ट्रीय प्रमाणपत्राचा. तो 'नॅशनल रजिस्ट्री ऑफ इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन्स' ही संस्था देते. ती १९७० साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय ओहायोतल्या कोलंबस शहरात आहे. दुसरा कागद राज्याच्या परवान्याचा. तो तुम्ही जिथे काम करणार त्या राज्याचं खातं देतं. रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र म्हणजे 'या माणसाला हे येतं' एवढंच. रुग्णाला हात लावायची परवानगी राज्य देतं.

ग्रीन कार्डधारकालाही अमेरिकी सैन्यात भरती होता येतं, त्यामुळे मराठी घरांतली मुलंमुलीही या वाटेवर दिसतात. कामाची माहिती इंग्रजी संक्षेपांच्या ढिगाऱ्याखाली दडलेली असते. घरी आईवडिलांना विचारावं, तर त्यांनाही त्यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून ही सगळी प्रक्रिया इथे मराठीत, सलग मांडतो आहे.

या क्षेत्रात चढत्या क्रमाने चार पायऱ्या आहेत: ईएमआर (इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर), ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक. ईएमटीचा कोर्स राष्ट्रीय मानकांनुसार साधारण १५० ते १९० तासांचा असतो. पॅरामेडिकचा हजार तासांच्या बराच पुढे जातो. इथे मुख्यतः ईएमटीबद्दलच बोलू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

ज्यांना सैन्यानेच ईएमटी केलं आहे

लष्करातला ६८डब्ल्यू, म्हणजे कॉम्बॅट मेडिक, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओजवळ फोर्ट सॅम ह्यूस्टन इथे १६ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतो. पहिला टप्पा ईएमटीचा असतो आणि रजिस्ट्रीची परीक्षा त्यातच द्यावी लागते. ती पास झाल्यावरच युद्धभूमीवरच्या उपचारांचा पुढचा टप्पा सुरू होतो. जवान त्याला 'व्हिस्की फेज' म्हणतात. ६८डब्ल्यू म्हणून टिकायचं तर हे प्रमाणपत्र चालू ठेवावंच लागतं. हवाई दलातल्या ४एन० या वैद्यकीय तंत्रज्ञांच्या शाखेतही ईएमटी प्रमाणपत्र हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. तटरक्षक दलातले हेल्थ सर्व्हिसेस टेक्निशियन आणि हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरणारे रेस्क्यू स्विमर हेही ईएमटी असतात.

मरीन कोअरकडे स्वतःचे वैद्यकीय जवान नसतात. नौदलाचे हॉस्पिटल कॉर्प्समन त्यांच्यासोबत जातात. कॉर्प्समनला माझं एकच सांगणं आहे. 'मी इतकी वर्षं हेच तर केलं' यावर विसंबू नका. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून बघा. तिथे तुमच्या नावापुढे प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदतीची तारीख दिसली तर तुम्ही ईएमटी आहात. नाही दिसली, तर अनुभव कितीही असो, परीक्षा अजून बाकी आहे.

कॉम्बॅट लाइफसेव्हर हा ४० तासांचा कोर्स कितीतरी पायदळी जवान करतात. तो उत्तम आहे, त्याने जीव वाचतात. पण ईएमटीच्या अर्जात त्याचे तास धरले जात नाहीत.

अनुभवी मेडिक परीक्षेत का अडखळतो

इथे जरा थांबायला हवं, कारण हुशार माणसं याच ठिकाणी नापास होतात. सैन्यात उपचाराचा क्रम 'मार्च' (MARCH) या इंग्रजी आद्याक्षरांच्या शब्दाने शिकवतात: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, शेवटी गारठा आणि डोक्याची इजा. समोर विशीतला, एरवी धडधाकट जवान असतो. त्याच्या पायाला टूर्निकेट (रक्तस्राव थांबवणारा पट्टा) आवळायचं, वेळ डीडी फॉर्म १३८० या कार्डावर लिहायची, आणि हेलिकॉप्टरची वाट बघायची.

आता नागरी ॲम्ब्युलन्सचा प्रसंग बघा. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत सत्तरीच्या आजी बसल्या आहेत. घामाने थबथबल्या आहेत आणि बोलणं असंबद्ध झालं आहे. टेबलावर औषधांच्या सात बाटल्या आहेत. रक्ताचा थेंबही कुठे दिसत नाही. इथे रक्तातली साखर तपासायची असते, औषधं कोणती आणि शेवटचं जेवण कधी हे विचारायचं असतं. मग आजींना नीट गिळता येत असेल तरच तोंडाने ग्लुकोज द्यायचं असतं. परीक्षेतले प्रश्न मधुमेह, हृदयविकार, दमा, बाळंतपण, लहान मुलांचा ताप यांवरही असतात आणि त्यांचा वाटा मोठा असतो.

दुसरी गोष्ट कामाच्या मर्यादेची. मेडिकने शिरेतून सलाइन लावलेलं असतं, छातीत सुई घालून कोंडलेली हवाही काढलेली असते. साध्या ईएमटीला नागरी सेवेत सर्वसाधारणपणे यातलं काही करता येत नाही. ऑक्सिजन, ॲस्पिरिन, नॅलॉक्सोन (अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवरचं औषध), एपिनेफ्रिनचं ऑटो-इंजेक्टर (तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन), एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं) आणि चांगला सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं), साधारण एवढ्यातच त्याचं काम असतं. येत असूनही हात आवरावा लागतो. ज्याने मित्राचा जीव स्वतःच्या हाताने वाचवलेला असतो, त्याला हे फार जड जातं. मला यावर एकच सरळ उपाय दिसतो: पॅरामेडिकपर्यंत शिकणं. पैशाचं नियोजन त्याच हिशेबाने करावं.

ज्यांची शाखा वैद्यकीय नाही

तोफखान्यातला, पुरवठा विभागातला, सिग्नलचा जवान असो, ईएमटी कुणालाही होता येतं. बहुतेकांसाठी जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग हाच खरा मार्ग असतो. सुरुवात तळावरच्या एज्युकेशन सेंटरमधून करा. कोर्स निवडताना तो त्या राज्याने मान्य केलेला आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. थिअरी ऑनलाइन चालते, पण प्रात्यक्षिकं आणि रुग्णांसोबतचे तास प्रत्यक्षच करावे लागतात. 'घरबसल्या संपूर्ण ईएमटी' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

बहुतेक राज्यांत वयाची अट १८ वर्षांची असते. रुग्णालयातले तास सुरू होण्याआधी लसीकरणाची नोंद, क्षयरोगाची चाचणी, पार्श्वभूमी तपासणी आणि अनेक ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी मागतात. लसी तर सैन्यात झालेल्याच असतात, फक्त नोंदीची प्रत काढून ठेवायची.

खरी अडचण वेळेची असते. मधेच फील्ड एक्सरसाइज आली की तास बुडतात, आणि या कोर्सात बुडलेले तास सहज माफ होत नाहीत. नाव घालण्याआधी युनिटचं वेळापत्रक समोर ठेवून वरिष्ठांशी बोला आणि परवानगी लेखी घ्या.

पैसे कुठून येतात

सेवेत असताना पहिला पर्याय ट्यूशन असिस्टन्सचा, म्हणजे सैन्याकडून मिळणाऱ्या शिकवणी शुल्काच्या मदतीचा. संरक्षण खात्याची मर्यादा एका सेमिस्टर तासाला २५० डॉलर आणि वर्षाला ४,५०० डॉलर अशी आहे. ही मदत फक्त शिकवणी शुल्काला मिळते. पुस्तकं, गणवेश आणि कॉलेजची इतर शुल्कं तुमच्या खिशातून जातात. कॉलेजने संरक्षण खात्याशी करार केलेला असायला हवा. अर्ज वर्ग सुरू होण्याआधी मंजूर व्हायला हवा. लष्करात तो आर्मीइग्नाइटेड या पोर्टलवर करतात, हवाई दलात एएफव्हेकवर. पदवीपूर्व वर्गात 'सी'च्या खाली श्रेणी आली तर पैसे परत भरावे लागतात.

दुसरा पर्याय 'कूल', म्हणजे प्रमाणपत्रांसाठीचा क्रेडेन्शियलिंग कार्यक्रम. प्रत्येक दलाचा आपापला असतो. तुमच्या शाखेला कोणती प्रमाणपत्रं लागू आहेत आणि कशाला निधी मिळतो हे तिथे दिसतं. इथेही मंजुरी आधी, खर्च नंतर. आधी पावती फाडून मग मागायला गेलं तर हात हलवत परत यावं लागतं.

तिसरा पर्याय पोस्ट-९/११ जीआय बिलाचा, म्हणजे सैन्यातल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या शिक्षणाच्या सरकारी लाभाचा. ११ सप्टेंबर २००१ पासून पुढे किमान ९० दिवस सक्रिय सेवा झालेल्यांना तो लागू होऊ शकतो. पूर्ण १०० टक्के लाभासाठी ३६ महिन्यांची सेवा लागते. लाभ साधारण ३६ महिन्यांच्या शिक्षणापुरता असतो. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना तो वापरायला कालमर्यादा नाही. अर्ज व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या) फॉर्म २२-१९९० वर करायचा आणि पात्रतेचं पत्र हातात आलं की ते कॉलेजला द्यायचं.

माझं मत असं की तीन-चार महिन्यांच्या ईएमटी कोर्ससाठी जीआय बिलाचे महिने खर्च करू नयेत. सेवेत आहात तोवर ट्यूशन असिस्टन्स वापरा, त्याने जीआय बिलाला धक्का लागत नाही. राखलेले ३६ महिने पॅरामेडिक, नर्सिंग किंवा पदवीच्या कामी येतात. ईएमटीचा पगारही आधीच माहीत असावा. २०२४ च्या सरकारी आकड्यांनुसार तो मध्यक हिशेबाने वर्षाला ४१ हजार डॉलरच्या आसपास आहे आणि पॅरामेडिकचा ५८ हजारांच्या पुढे.

परीक्षा शुल्काची एक सोय मात्र बरेच जण विसरतात. रजिस्ट्रीच्या परीक्षेचं शुल्क शंभर डॉलरच्या थोडं वर आहे आणि जीआय बिलाखाली ते परत मिळू शकतं. त्यासाठी व्हीए फॉर्म २२-०८०३ आणि पावती लागते. नापास झालात तरी मिळतं आणि पुन्हा बसलात तरी मिळतं. जेवढी रक्कम घ्याल त्या प्रमाणात लाभाचा थोडा भाग मात्र वजा होतो.

सेवेचे शेवटचे दिवस उरले असतील तर स्किलब्रिज हा संरक्षण खात्याचा कार्यक्रमही बघा. पगार सैन्याचाच चालू राहतो आणि तुम्ही बाहेरच्या संस्थेत जास्तीत जास्त १८० दिवस काम शिकता. किमान १८० दिवसांची सेवा झालेली हवी आणि कमांडरची मंजुरी हवी. तुमच्या रँकला नक्की किती दिवस मिळतील हे तुमचं दल ठरवतं.

परीक्षेचा अर्ज

रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर खातं उघडा, ईएमटीचा अर्ज भरा आणि शुल्क भरा. कोर्स मागच्या दोन वर्षांतला हवा. तो पूर्ण केल्याची खात्री कोर्सचे संचालक ऑनलाइन करतात. लष्करी कोर्स असेल तर ती तुमच्या प्रशिक्षण संस्थेकडून व्हावी लागते. सीपीआरचं चालू प्रमाणपत्र हवं, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या स्तराचं. गुन्हेगारी शिक्षा झालेली असेल तर अर्जात लपवू नका. लपवलेलं सापडलं तर प्रकरण हाताबाहेर जातं.

मंजुरी मिळाली की 'ऑथरायझेशन टू टेस्ट' हे पत्र येतं. त्याची मुदत ९० दिवस. त्याच मुदतीत पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रावर वेळ घ्यायची. परीक्षा संगणकावर, दोन तासांची, ७० ते १२० प्रश्नांची असते. तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडला जातो, म्हणून कुणाची परीक्षा लवकर संपते, कुणाची लांबते. त्यावरून निकालाचा अंदाज बांधत बसू नका. नापास झालात तर १५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा अपयश आलं तर २४ तासांचं उजळणी प्रशिक्षण घेऊन आणखी तीन संधी मिळतात. त्याही संपल्या तर अख्खा कोर्स नव्याने करायचा.

मराठी नावांसाठी एक खास इशारा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, ग्रीन कार्डवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं असू शकतं, आणि लष्करी ओळखपत्रावर आणखी तिसरंच. परीक्षा केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव आणि रजिस्ट्रीच्या खात्यातलं नाव जुळायलाच हवं. 'श्रीकांत'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीजास्त झालं तरी दारातून परत पाठवू शकतात आणि शुल्कही बुडतं. दुरुस्ती अर्ज करतानाच करून घ्या.

फाइलमध्ये काय असावं

सेवा संपली असेल तर डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला, आणि त्याचीही 'मेंबर ४' प्रत. सेवामुक्तीचं स्वरूप त्याच प्रतीवर असतं, आखूड 'मेंबर १' प्रतीवर नसतं. रकाना १४ मध्ये लष्करी शिक्षणाची नोंद असते. सही करण्याआधी तुमचा मेडिकचा कोर्स तिथे आला आहे का ते वाचून बघा, कारण नंतर दुरुस्ती करायला फार वेळ जातो. नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या राखीव सैन्याच्या) लोकांकडे त्याजागी एनजीबी फॉर्म २२ असतो. याशिवाय जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे लष्करी शिक्षणाची अधिकृत नोंद, काढा. हवाई दल आणि स्पेस फोर्समध्ये असाल तर कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्सचा ट्रान्सक्रिप्ट. लष्करी अनुभवाची पडताळणी करणारा डीडी फॉर्म २५८६, ईएमटी कोर्सचं प्रमाणपत्र, सीपीआर कार्ड आणि लसीकरणाची नोंद हेही त्याच फाइलमध्ये ठेवा.

राज्याचा परवाना आणि बदली

रजिस्ट्रीचा क्रमांक मिळाला की राज्याकडे वेगळा अर्ज करायचा. त्यासोबत सहसा बोटांचे ठसे आणि वेगळं शुल्क लागतं. वीसहून अधिक राज्यं ईएमएस कॉम्पॅक्ट या राज्याराज्यांतल्या परवाना-करारात आहेत. रजिस्ट्रीचं चालू आणि निर्बंध नसलेलं प्रमाणपत्र असेल, तर सेवेतून बाहेर पडणारे जवान, माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार यांची प्रशिक्षणाची व परीक्षेची अट ही राज्यं पूर्ण झाली असं धरतात. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने बदलीच्या आदेशावर दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या जवानाचा किंवा जोडीदाराचा व्यावसायिक परवाना, काही अटींवर, नव्या राज्यातही ग्राह्य धरला जातो. बदलीच्या आदेशाची प्रत त्यासाठी जपून ठेवा.

नूतनीकरण

प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं आणि मुदत ३१ मार्चला संपते. त्या अवधीत ४० तासांचं सातत्य-शिक्षण लागतं: २० राष्ट्रीय विषयांचे, १० स्थानिक, १० आपल्या पसंतीचे. युनिटमध्ये झालेलं बरंचसं प्रशिक्षण यात धरता येतं, पण त्याचे कागद तुमच्याकडे हवेत. प्रत्येक वर्ग संपला की त्याच दिवशी विषय, तास आणि प्रशिक्षकाची सही असलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. मोहिमेवर असल्यामुळे तास राहिले तर तैनातीचे आदेश जोडून रजिस्ट्रीकडे मुदतवाढ मागता येते, आणि ती मुदत संपण्याआधी मागावी. नूतनीकरणाची खिडकी १ ऑक्टोबरला उघडते. सेवेतून बाहेर पडण्याची तारीख जानेवारी ते मार्चमध्ये येत असेल, तर युनिटच्या नोंदी हाताशी आहेत तोवरच, ऑक्टोबरमध्ये, अर्ज करून मोकळे व्हा.