हलकी दुनळी: वजन किती, यापेक्षा ते कुठे?

‘वजनाला हलकी, धक्का जवळजवळ नाहीच!’ दुनळी बंदुकांच्या जाहिरातींत हे दोन दावे बिनदिक्कत एकाच वाक्यात येतात. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या कुणालाही ते खटकायला हवं.

माळरानावर दिवसभर चालून, झुडपातून भुर्रकन उठणारा तितर टिपायचा (अर्थात कायदा परवानगी देतो तिथेच), तर हलकी बंदूक हवीशी वाटणारच. पण 28 ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे 365 मीटर वेगाने सुटले, की तेवढाच संवेग बंदुकीला उलट दिशेने मिळतो; दारूच्या वायूमुळे त्यात थोडी भरच पडते. संवेग तोच राहिला, तर धक्क्याची ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 3.2 किलोच्या बंदुकीत ती साधारण 20 ज्यूल असेल, तर 2.6 किलोच्या बंदुकीत 25. दस्त्यामागचं रबर हा धक्का जरा लांबवतं, संवेग गिळून टाकत नाही. खरा उपाय म्हणजे हलकं काडतूस: 24 ग्रॅम छर्रे घेतले की ऊर्जा पुन्हा 20 ज्यूलच्या आसपास. बर्मिंगहॅमचे बंदूक-कारागीर ग्रीनर यांचा जुना ठोकताळाही हेच सांगतो: बंदूक छर्‍यांच्या 96 पट जड असावी.

पण खरी गंमत पुढे आहे. बंदूक खांद्याला लावून फिरवताना एकूण वजनापेक्षा जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, महत्त्वाचं, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. समतोल बिंदूपासून 10 सेंटिमीटरवर असलेले 100 ग्रॅम 60 सेंटिमीटरवर, नळीच्या तोंडाशी नेले, तर त्यांचा वाटा 36 पट होतो! म्हणून 2.9 किलोची एखादी दुनळी 2.7 किलोच्या दुसरीपेक्षा चपळ वाटू शकते. दुकानात बंदूक बोटावर तोलून ‘समतोल उत्तम’ म्हणतात, तेही अपुरंच. नळ्यांचं तोंड जड आणि दस्त्याचं टोकही जड असेल, तरी ती बिजागरीपाशी (जिथे बंदूक उघडते तिथे) तंतोतंत तोलेल. फिरवायला मात्र सुस्तच. ती तारेने आडवी टांगून, पीळ देऊन सोडली आणि आंदोलनकाल (एका झोक्याला लागणारा वेळ) मोजला, तर खरं काय ते कळतं: आंदोलनकाल जडत्व आघूर्णाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो.

मग आघूर्ण जितकं कमी तितकं बरं? नाही. 30 मीटरवरून सेकंदाला 15 मीटर वेगाने आडव्या जाणार्‍या पक्ष्यापर्यंत छर्रे पोहोचायला सुमारे 0.1 सेकंद लागतो. तेवढ्यात तो दीड मीटर पुढे सरकतो. चाप ओढताना नळी फिरत राहायला हवी. फार चपळ बंदूक सहज फिरते तशी सहज थांबतेही, आणि छर्रे शेपटीमागून जातात.

‘लांब नळी लांब मारते’ ही समजूतही सोडा. दारू पहिल्या काही इंचांतच बहुतेक जळून जाते. 20 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) छर्रेही 12 बोअरइतक्याच वेगाने सुटू शकतात, फक्त काडतुसात ते कमी असतात. मात्र 20 बोअरमध्ये नळीचा व्यास लहान, त्यामुळे त्या बोअरच्या मापाने घडवलेली सगळी बंदूकच सडपातळ होते. दिवसभर चालणार्‍याने तीच पाहावी, आणि आधी खांद्याला लावून फिरवून पाहावी.