बिघडेल तेव्हा काय करेल? खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी हीटर निवडताना

जानेवारीतली पुण्याची सकाळ. सात वाजता हॉलमध्ये आलो तर क्लाउनफिशची जोडी टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, पंपाचं पाणी पडतं तिथे तोंड वर करून थांबली होती. कल्ल्यांची नुसती उघडझाप चालली होती. एरवी फुलासारखं पसरलेलं मऊ प्रवाळ आक्रसून मुठीएवढं झालं होतं. काचेला हात लावला आणि काय ते कळलं. रात्री दहाला 26 अंश दाखवणारा थर्मामीटर 31 वर गेला होता.

हीटरचा प्लग काढला, झाकण उघडलं, वर पंखा लावला. बर्फ टाकायचा मोह आवरला, कारण एकदम गार करणं हा दुसरा धक्का असतो. मासे वाचले. प्रवाळाचा एक भाग पुढच्या आठवड्यात पांढरा पडला आणि गेला.

तो हीटर मी नंतर फोडून पाहिला. आत थर्मोस्टॅट म्हणून द्विधातू पट्टी असते. दोन धातू तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो. इस्त्रीतून येणारी ‘टक’ तीच. पण संपर्क जुळताना-तुटताना दर वेळी बारीक ठिणगी उडते, आणि थंडीत हे दिवसरात्र चालू असतं. माझ्या हीटरमधली दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटली होती, भोवती काजळीचा ठिपका. नखाने ओढूनही सुटेनात. म्हणजे तापमान कितीही चढलं तरी हीटर बंद होणारच नव्हता.

तेव्हापासून हीटर घेताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: हा बिघडेल तेव्हा काय करेल?

उत्तर वॅटमध्ये दडलेलं आहे, म्हणून थोडं गणित करू. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण 240 लिटर. एक लिटर समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला जवळपास 4 किलोज्यूल लागतात. त्यामुळे अख्खी टाकी एक अंश वर न्यायला हजारभर किलोज्यूल. खोलीत 18 अंश आणि पाणी 26 वर ठेवायचं असेल तर काचेतून नि पृष्ठभागावरून ढोबळमानाने 80 वॅट निसटत राहतात.

पण आपण विसरतो ते बाष्पीभवन. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने उघडी टाकीही गार होते. दिवसाला दोन लिटर पाणी उडालं तर त्याच्या अप्रकट उष्म्यापोटी, म्हणजे वाफ होताना पाणी जी उष्णता घेऊन जातं तिच्यापोटी, सतत 55 ते 60 वॅट खर्च होतात. म्हणजे एकूण 140 वॅटच्या आसपास, आणि त्यातले काही पंप व दिवे परत देतात.

दुकानात ‘लिटरला एक वॅट’ असा हिशोब सांगतात. वाईट नाही, पण तेवढे वॅट एकाच हीटरमध्ये घेतले की माझ्यासारखं होतं. माझा हीटर तर 300 वॅटचा होता. आता 100-100 वॅटचे दोन आहेत. एक चालूच अडकला तरी थंडीत एकटा टाकी शिजवू शकत नाही. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो. पाणी दोन-चार अंश उतरतं, तेही हळूहळू, आणि तोवर लक्षात येतं. शिवाय दोन्ही एका वेगळ्या डिजिटल कंट्रोलरवर आहेत. त्याचा स्वतंत्र सेन्सर 26.5 अंशांना वीज तोडतो. हीटरची पट्टी चिकटली तरी कंट्रोलर आहे आणि कंट्रोलर फसला तरी पट्टी आहे.

समुद्री जिवांच्या बाबतीत एवढी काळजी का? 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. तापमान चढलं की तोही घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं होतं. 1998 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. (मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, पण तिथला तुकडा घरी आणायचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.)

आता धातू. मिठाच्या पाण्यात साधं स्टेनलेस स्टीलही टिकत नाही, क्लोराइड त्याला बारीक भोकं पाडतं. काचेची नळी गंजत नाही, पण पाणी उडून पातळी खाली गेली की उघडी पडते, तापते आणि वर गार पाणी पडताच तडकते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पक्का थर असतो, त्यामुळे ते गंजत नाही, फुटत नाही. पण तो वीजवाहक धातू आहे, तेव्हा तीन पिनचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट जास्त वीज वाहून नेतं. म्हणून हीटर काचेचा असो वा टायटॅनियमचा, टाकीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

हीटर वाहत्या पाण्यात, पातळी न बदलणाऱ्या कप्प्यात ठेवा. वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. पाणी बदलण्याच्या पंधरा मिनिटं आधी प्लग काढा.

मुंबईत किंवा कोकण-गोव्यात हा खर्च बहुधा नकोच. तिथे अडचण पाणी गार ठेवण्याची आहे. पुण्या-नाशकातही मार्चनंतर हीटर नुसता धोका असतो. तीस अंशांच्या खोलीत 100 वॅटचा एक अडकलेला हीटरही जीवघेणा ठरेल. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, त्याच संध्याकाळी मी दोन्ही हीटर काढतो. दिवाळीनंतर ते परत निघतात आणि आधी दोन दिवस थर्मामीटर लावलेल्या पाण्याच्या बादलीत राहतात. वेळच्या वेळी बंद होतायत असं दिसलं, तरच टाकीत जातात.